देवाचा बोकड आणि बिरप्पाचा डोळा

मी एक म्हातारा बोकड आहे. मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. म्हातारी गाय असते, म्हातारा बैल असतो, म्हातारा कुत्रा तर प्रत्येक गल्लीत असतो. बोकडाला म्हातारपण येत नाही. त्याच्या आधी पाहुणे येतात. मला म्हातारपण आलं, कारण एका माणसाचं धोतर सुटत होतं.

माझा जन्म सांगोल्याकडच्या माळावर बिरप्पा धनगराच्या कळपात झाला. मी पिल्लू असताना बिरप्पाचा मुलगा येडू तापानं फणफणला. बिरप्पानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाला सांगितलं, "पोरगं उठलं की ह्ये बोकाड तुला." पोरगं उठलं. मला कुणी विचारलं नाही, पण बोकडाला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. ती नंतर पडली, आणि तिचीच ही गोष्ट आहे.

जत्रेत मला देवापुढं उभं केलं. आमच्याकडं रीत अशी की बोकडाच्या पाठीवर हळदीचं पाणी ओततात. बोकडानं अंग झाडलं की देवानं 'व्हय' म्हटलं. मग पुढं काय होतं ते मी सांगत नाही, तुमची जेवणं व्हायची असतील. आणि बोकडानं अंग झाडलंच नाही, तर देवाला तो नको. त्याला मोकळा सोडायचा. त्याला कुणी मारायचं नाही, विकायचं नाही.

तर माझ्या पाठीवर पाणी पडलं. त्याच वेळी समोर एक जाडजूड ढोलवाला उड्या मारत होता, आणि प्रत्येक उडीला त्याचं धोतर बोटभर खाली येत होतं. मला जन्मापासून एक खोड आहे. पुढं काय होणार ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही. मी टक लावून बघत राहिलो. दुसरा तांब्या ओतला, मी हललो नाही. तिसरा ओतला. पुजारी ओरडला, "देवाला नगं! सोडा त्याला!" त्याच क्षणी धोतर पडलं आणि मी मनसोक्त अंग झाडलं. पण तोवर सगळी जत्रा धोतराकडं बघत होती.

असा मी देवाचा बोकड झालो.

पुढं पाऊस रुसला, माळ करपला, मेंढरं विकली गेली. बिरप्पा, येडू आणि येडूची बायको कस्तुराबाई सोलापुरात आले. येडू गिरणीत लागला. मला विकता येत नव्हतं, मारता येत नव्हतं, म्हणून मीही आलो. पेठेच्या टोकाला आमचं खोपट होतं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की माणसं घाईनं जायची आणि मी सावकाश उठायचो. शहर मला फार आवडलं. माळावर बघायला काय, मेंढरं. इथं माणसं होती, आणि माणसासारखं बघण्यासारखं जनावर नाही.

शेजारी महादेवप्पाचं किराणा दुकान होतं. महादेवप्पा लिंगायत, मांसाला शिवायचा नाही. पण देवाच्या जनावराला काठी मारायलाही त्याचा हात उठत नव्हता. मी त्याच्या ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलं की तो नुसता कळवळायचा, "अय्यो शिवा! ह्ये देवाचं खातंय का माजं खातंय?" मी म्हणायचो, आधी खाऊ, मग ठरवू.

माझी कीर्ती वाढवली ती सिद्धाप्पानं. हा येडूचा चुलत भाऊ. काम शोधायला सोलापुरात आला आणि काम सापडू नये याची काळजी घेत राहिला. कमरेला भंडाऱ्याची पिशवी, कपाळभर हळद. एकदा तो माझ्याकडं बघत म्हणाला, "ज्या बोकडातनं देव 'न्हाय' बोलला, त्यातनं 'व्हय' बी बोलंल की. इचारून तर बघू."

झालं. तेव्हापासून पेठेतली माणसं तांब्या घेऊन माझ्याकडं यायला लागली.

आता एक गोष्ट तुम्हाला खरी सांगतो, कारण ती मी त्यांना सांगू शकत नव्हतो. कानात पाणी गेलं की मी अंग झाडतो. माशी बसली की झाडतो. वारा सुटला की झाडतो. त्यात देव असेल तर असो, मला आजवर त्यानं काही कळवलेलं नाही. पण माणसं समोर हात जोडून उभी राहायची आणि विचारायची: पोराला गिरणीत घालू का? बायकोला माहेराहून आणू का? एकानं विचारलं, तंबाखू सोडू का? मी अंग झाडलं. तो खुश होऊन म्हणाला, "देव म्हनतोय, खा!" आणि चिमूट तोंडात टाकून गेला.

मला फार कुतूहल वाटायचं. ही माणसं उत्तर घरूनच घेऊन येतात, मग पाणी कशाला ओततात? मनासारखं झालं की देव बोलला. नाही झालं की पाणी गार होतं, तांब्या खरकटा होता, बोकडाचं तोंड दक्षिणेला होतं. पाण्याचा तांब्या उत्तरासाठी नव्हताच. तो हात धुवायला होता, हे मला बऱ्याच काळानं कळलं.

महादेवप्पाचंच बघा. उघड यायला त्याला लाज वाटायची, म्हणून त्यानं सिद्धाप्पाकडून विचारून घेतलं की दुकानाचं आढं यंदाचा पावसाळा काढेल का? मी अंग झाडलं. आषाढात आढं मोडून थेट गुळाच्या ढेपांवर आलं. महादेवप्पा गुळानं माखलेल्या टोपीसकट माझ्यासमोर उभा राहिला.

"का रे, व्हय म्हनला हुतास की!"

येडू म्हणाला, "अण्णा, आढ्याला वाळवी लागल्याली तुमी बघितली न्हवती व्हय?"

"बघितली हुती की. रोज बघत हुतो."

"मग?"

"मग म्हून तर इचारलं!"

मी त्याच्या टोपीवरचा गूळ चाटत विचार करत होतो. डोळे असून याला बोकड लागला. आणि आमच्या घरात एक माणूस असा होता, ज्याला डोळेच हवे होते.

तो बिरप्पा. माळावर असताना तो बांधावर बसून सांगायचा, "त्या टेकडीवरली तिसरी मेंढी लंगडतीया." येडू पळत जायचा, तर खरंच खुरात काटा. आता त्याच बिरप्पाच्या दोन्ही डोळ्यांवर सायीसारखं पांढरं चढलं होतं. तो दिवसभर खोपटापुढं बसायचा, हातानं माझं तोंड चाचपायचा आणि म्हणायचा, "एवढाच कळप ऱ्हायला माजा."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, एकेक डोळा कापून काढता येईल, बहुतेक दिसेल. त्या 'बहुतेक'नं घर हललं.

येडू म्हणाला, "म्या व्हय म्हनलो आन डोळा गेला, तर जलमभर लोकं म्हनतील, येडूनं बापाला आंधळं केलं."

कस्तुराबाई म्हणाली, "आन न्हाय म्हनला तर?"

"तर देवानं आंधळं केलं. त्येचं मला कोन काय म्हनतंय?"

"मग?"

"मग देवालाच इचारू की."

सिद्धाप्पा तर तांब्या घेऊन तयारच होता. पेठ जमली. महादेवप्पाही दुकानाच्या नव्या आढ्याकडं मागं वळून बघत बघत आला. आत बाजल्यावरून बिरप्पा ओरडला, "आरं, मला कुनी इचारता का?"

"आबा, गप बसा!" येडू म्हणाला. "देव बोलतोय हितं."

पाणी माझ्या उजव्या कानात गेलं. मी मुंडक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. पेठेनं 'चांगभलं' केलं. बिरप्पाच्या डोळ्याचा निकाल लागला. बिरप्पाला तो शेवटी कळला.

दवाखान्यात मलाही नेलं. देवानं सांगितलेलं काम, तर देव जवळ पाहिजे. कंपाउंडर फाटकात आडवा झाला, "बोकड आत नाही!" सिद्धाप्पानं त्याला समजावलं की हे बोकाड न्हाय, सल्ला देनारा हाय. शेवटी मला वॉर्डच्या खिडकीबाहेर चिंचेला बांधलं. तिथून सगळं दिसत होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

डावा डोळा कापला. नीट झाला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि बोट उगारून बजावलं, "म्हाताऱ्यांनी उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही. आणि पट्टीला कुणी हात लावायचा नाही. कुणीही नाही."

पहिले दोन-तीन दिवस कुणी लावला नाही. मग महादेवप्पा भेटायला आला आणि म्हणाला, "देवानं सांगितलं, देवानं केलं, आन देवाचा भंडारा डोळ्याला लागलाच न्हाय? बरं दिसतंय का ह्ये?"

बरं दिसत नव्हतं. नर्स दुसरीकडं गेली तेव्हा येडूनं पट्टी जराशी उचलली. सिद्धाप्पानं चिमूटभर भंडारा दिला. तो डोळ्यात पडला. बिरप्पा "आगं आयाऽऽ" म्हणून ओरडला, तेव्हा सिद्धाप्पा म्हणाला, "बघा, देव शिरतोय."

देव शिरला आणि डोळा सडला. पू धरला, उजेडसुद्धा कळेनासा झाला.

डॉक्टर संतापून विचारत होते, "पट्टी कुणी काढली?"

"म्या काढली न्हाय सायेब," येडू म्हणाला, "नुसती उचलली."

"म्या नुसता भंडारा दिला," सिद्धाप्पा म्हणाला.

"मी तर नुसतं बोललो," महादेवप्पा म्हणाला. "बोलायला काय बंदी हाय का?"

"मग हे केलं कुणी?"

तिघं एकमेकांकडं बघत राहिले. प्रत्येकानं थोडं थोडं केलं होतं आणि पुरं कुणीच केलं नव्हतं. मग तिघांचे हात एकदमच उठले आणि खिडकीतून माझ्याकडं वळले.

"त्येनं सांगितलं हुतं."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मी तेव्हा त्यांच्या दवाखान्यातली एक पट्टी चघळत होतो. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि ते निघून गेले.

घरी आल्यावर पेठेनं माझा न्याय केला. बोकाड खोटं बोललं, असं सिद्धाप्पाचं म्हणणं. पण देवाच्या बोकडाला खोटं ठरवायचं कसं? महादेवप्पा म्हणाला, "त्यालाच इचारा की." मग माझ्या पाठीवर पाणी ओतलं आणि सिद्धाप्पानं मोठ्यानं विचारलं, "खोटं बोललास का रं? बोललास तर अंग झाड!"

पाणी बर्फासारखं होतं. मी झाडलं.

"कबूल केलं! कबूल केलं!" पेठ ओरडली.

मग महादेवप्पानं टोपी मागं सारली आणि डोकं खाजवलं. "थांबा थांबा. ह्ये खोटं बोलतंय, तर आत्ता बोललं त्येबी खोटंच की. म्हंजी खोटं बोललं न्हाय. मग खरं बोलतंय. मग खोटं बोललो म्हनतंय त्ये खरं..." त्याचा चेहरा हळूहळू घामेजला. "अय्यो शिवा," तो म्हणाला, "मी दुकानात जातो."

तेव्हापासून माझ्याकडं तांब्या यायचा थांबला. तांब्याबरोबर ज्वारीही थांबली. मला मारायचं नाही ही रीत सगळ्यांना पाठ होती. मला खायला घालायचं, हे त्या रीतीत नव्हतं. जो तो समजायचा, देवाचं बोकाड, कुणी ना कुणी घालत असंल. मी उकिरड्यावर फिरायचो. खुरं वाढून वाकडी झाली. गोऱ्या सरकारनं शहरात मार्शल लॉ लावला तेव्हा माणसं दारं लावून बसली होती, आणि रिकाम्या रस्त्यावर मी एकटा कागद खात हिंडत होतो. तेव्हा वाटलं होतं, आत्ता या सगळ्यांनी मला काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. एखादी भाकरी तरी मिळाली असती.

बिरप्पाचं मात्र अजून व्हायचं होतं. त्याच्या उजव्या डोळ्यात उजेड-अंधार तेवढा उरला होता. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "उजवा डोळा करायचा."

येडूचा घास हातातच राहिला. "आबा, एक गेला. ह्यो बी गेला तर लोकं मला काय म्हनतील?"

"लोकं तुला काय म्हनत्यात त्ये म्या ऐकायला हाय की. दिसायला न्हाय." बिरप्पानं ताटात भाकरी चाचपली. "मागल्या टायमाला तुमी सगळ्यास्नी इचारलं. देवाला इचारलं, बोकडाला इचारलं. डोळा कुनाचा हुता रं?"

मी दारातच उभा होतो, भाकरीच्या आशेनं. तेव्हा चुलीपुढून कस्तुराबाई बोलली. ही बाई कमी बोलायची. डोळ्यात भंडारा पडला त्या दिवशी ती घरी भाकऱ्या थापत होती आणि पट्टी उचलायला ती नव्हती, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं.

"मामा, म्या नेते."

"तू?" येडू उठलाच. "आन डोळा गेला म्हंजी?"

"गेला तर म्या नेला म्हून गेला."

"भावकी तुला घरात ठिवनार न्हाय, कस्तुरे!"

"ठाव हाय मला."

"मग कशाला उगं आंगावर घेतीस? बोकडाला नगं तर नगं, दुसऱ्या कुना देवाला इचारू. एखाद्या जानत्याला इचारू."

"आवं," कस्तुराबाई म्हणाली, "इचारून झाल्यावर बी कुनी तरी न्यायचंच हाय न्हवं?"

येडूनं ताट सारलं आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी कस्तुराबाई बाहेर आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. मी मनात म्हटलं, आली, ही पण आलीच. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीकडं बघत राहिली. मित्रांनो, माझ्या जन्मात मला इतकं कुतूहल कधी वाटलं नव्हतं, त्या धोतराच्या वेळीसुद्धा नाही. ही विचारणार का? मी झाडलं तर ही जाईल का? नाही झाडलं तर ही घरात परत शिरेल का? मी श्वास रोखून उभा राहिलो. कानावर माशी बसली तरी हललो नाही.

कस्तुराबाई खाली बसली. एक फुटकी परात पडली होती, तिच्यात तिनं पाणी ओतलं आणि ती माझ्यापुढं सारली.

"पी," ती म्हणाली. "तुला काय कळतंय बाबा. मला बी न्हाय कळत. पर जायाचं तर हाय."

पाठीवरचं पाणी मी किती झाडलं असेल त्याला गणती नाही. ते पाणी मी प्यायलो.

ती सासऱ्याचा हात धरून निघाली आणि मी मागोमाग. मला आता कुणी बांधत नव्हतं. त्याच डॉक्टरांनी त्या दोघांना बघितलं आणि मग मला बघितलं. कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, मागच्या वेळी काय झालं ते माहीत आहे ना? या खेपेला जबाबदारी कुणाची?"

"माजी."

"रात्रंदिवस बसावं लागेल. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. सख्ख्या नवऱ्यालाही नाही."

"न्हाय येऊ देत."

"आणि एवढं करूनही दिसलं नाही तर?"

तेव्हा बिरप्पानं तिचा हात सोडला आणि काठी टेकत आवाजाच्या दिशेनं एक पाऊल पुढं झाला. "सायेब, तिला काय धमकावताय? डोळा माजा हाय. व्हय म्या म्हनतो. मागल्या येळंला बोकाड म्हनलं हुतं."

डॉक्टर हसले. "बरं," म्हणाले, "मग आत चला."

डोळा कापला, पट्टी बांधली, आणि कस्तुराबाई खाटेशेजारी भिंतीला टेकून बसली. तिनं काय पहारा दिला म्हणता! कुणी भेटायला आलं की दारातूनच वाटेला लावायची. माशी आली तर पदरानं हाकलायची, आणि नर्स आली तरी आधी तिचे हात बघायची. महादेवप्पा केळी घेऊन आला आणि तोंड उघडणार एवढ्यात ती म्हणाली, "अण्णा, केळी ठिवा, बोलू नगा." तो आयुष्यात पहिल्यांदा न बोलता परत गेला. मग सिद्धाप्पा आला, कमरेला पिशवी.

"वैनी, ह्यो डोंगरावरनं आनलेला भंडारा. मागल्याला हितलाच हुता, म्हून चुकलं."

"आसं व्हय?" कस्तुराबाई म्हणाली. "मग आदी तुमच्या डोळ्यात घाला की. बरं वाटलं तर सांगा, मग मामांचं बघू."

"माज्या डोळ्याला काय झालंय?"

"कायबी न्हाय. म्हून तर पारख नीट व्हईल."

सिद्धाप्पानं पिशवीत घातलेली चिमूट बाहेर काढली, तिच्याकडं बघितलं, कपाळाला लावली आणि चालू लागला.

शेवटी येडू आला. तो आत गेला नाही. चिंचेखाली माझ्याशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ माती उकरत राहिला. खिडकीतून कस्तुराबाई दिसत होती. तिचे डोळे मिटत होते आणि ती स्वतःला चिमटे काढून जागी राहत होती.

"यील का रं डोळा?" येडूनं मला विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हातात तांब्या नव्हता. आजवर मला खूप जणांनी खूप काही विचारलं होतं. मला काही ठाऊक नाही, हे ठाऊक असून विचारणारा हा पहिलाच. मी झाडलं नाही, मान वळवली नाही, नुसता त्याच्याजवळ उभा राहिलो. थोड्या वेळानं तो उठला, धोतराची माती झटकली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"आत येऊ नगा," कस्तुराबाई म्हणाली.

"न्हाय येत. हितं उंबऱ्यावर बसतो. तू जरा नीज."

"आन कुनी आलं म्हंजी?"

"म्या हाय की."

"तुमी व्हय म्हनाल त्यास्नी."

येडू उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "मागल्या टायमाला पट्टी म्या उचलली, कस्तुरे. म्याच उचलली. आता माजा हात उठायचा न्हाय."

तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग बसल्या जागी कलंडली आणि झोपली. येडू उंबऱ्यावर बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

पट्टी काढायच्या दिवशी मी पुढचे पाय खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभा होतो. पेठेतली माणसं व्हरांड्यात दाटली होती. कस्तुराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी, चेहरा पिठासारखा. डॉक्टरांनी शेवटचा वेढा सोडला, कापूस काढला. बिरप्पानं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

कस्तुराबाईनं खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"पांढरं पांढरं दिसतंय," बिरप्पा म्हणाला. "भिंत आसंल. आन त्या खिडकीत काय तरी काळं हाय. दाढी हाय त्याला. सायेब, त्ये काळं रवंथ करतंय!"

कस्तुराबाई मटकन खाली बसली. येडूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांदेखत.

आणि मित्रांनो, मग काय सांगू! सिद्धाप्पा ओरडला, "म्या कपाळाला भंडारा लावला हुता, त्यानंच!" महादेवप्पा म्हणाला, "मी केळी आनली तवाच म्हननार हुतो, यील डोळा!" डावा डोळा गेला तेव्हा तो कुणीच घालवला नव्हता. उजवा आला तेव्हा तो आणणाऱ्यांची व्हरांड्यात रांग लागली. ज्यांनी आणला ते दोघं-तिघं मात्र आत गप्प बसले होते.

पुढं बिरप्पाला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. तो घालून तो खोपटाबाहेर आला. पेठ त्याच्याभोवती जमली, 'मी कोण? ही कोण?' असं विचारायला. बिरप्पानं कुणाकडंच बघितलं नाही. त्याचं भिंग माझ्यावर येऊन थांबलं.

"ह्ये बोकाड हाय का खुंटीवर टाकल्यालं घोंगडं?" तो म्हणाला. "बरगड्या मोजून घ्याव्या. आन खुरं बघा की! चालताना फुडला पाय टाळतंय त्ये, कुनाला दिसलं न्हाय? डोळं कुनाचं गेलं हुतं, माजं का तुमचं?"

सगळे खाली बघायला लागले.

"खायला कोन घालतंय ह्याला?"

"सगळीच घालत्यात की," सिद्धाप्पा म्हणाला.

"म्हंजी कोनच घालत न्हाय."

"आबा, देवाचं हाय त्ये," येडू हळूच म्हणाला. "आपुन कसा हात लावावा?"

"देव काय खुरं काढायला येतोय व्हय हितं?" बिरप्पा खाली बसला, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि मान न वळवता म्हणाला, "कस्तुरे, परातीत पानी आन मूठभर ज्वारी आन. आजपासनं ह्ये बोकाड माजं. कुनी इचारलं तर माजं नाव सांगा."

त्या दिवसापासून मी देवाचा राहिलो नाही. माझ्या पाठीवर कुणी पाणी ओतत नाही. देव रागावला असेल का, याचा मी विचार केला, पण त्यानं मला अजून तरी काही कळवलेलं नाही. मी आता सरळ पायांनी चालतो, आणि एकाच माणसाच्या हातचं खाऊन अंगानं भरलो आहे.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही सगळ्यांचं म्हणून काही तरी असेलच. एखादं जनावर, एखादी विहीर, एखादा म्हातारा. तिथं रोज कुणी ना कुणी बघत असंल, असं तुम्हालाही वाटत असेल. एकदा जवळ जाऊन बघा. पाणी नसेल तर पाणी ठेवा. आणि कुणी विचारलं, हे कुणाचं, तर 'माझं' म्हणा. त्याला कौल लागत नाही. तुम्हाला देवानं बोकडापेक्षा बरं तोंड दिलंय, ते उघडलं की झालं.